दादर टी. टी.

टॅक्सीत बसताना आपण आजही ‘दादर टी. टी.’ म्हणतो. टी. टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. मुंबईत विजेची ट्राम १९०७ साली सुरू झाली, मोटारबस १९२६ साली. म्हणजे मुंबईकर बसच्या आधी विजेच्या गाडीत बसला! ३१ मार्च १९६४च्या रात्री शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला आली. निरोप देणाऱ्या गर्दीत अब्बा उभे होते. ‘ट्राम सावकाश जायची, पण धूर सोडायची नाही,’ असं ते सांगत.

आता वीज परत आली आहे. ती इंजिनाला हटवील का, असं लोक विचारतात. मी विचारतो, विजेची गाडी रात्री उभी कुठे राहणार? टॅक्सी सीएनजीवर गेल्या, कारण पंपावर रांग लावली की काम भागतं. बॅटरीला मात्र तासन्‌तास प्लग हवा. गिरण्यांच्या जागी उठलेल्या टॉवरांत तो मिळेल. पण लालबागच्या चाळीतल्या टॅक्सीवाल्याची गाडी रस्त्यावर आणि विजेचा मीटर जिन्याखाली. वायर कुठून कुठे ओढायची?

म्हणून माझी भिस्त बेस्टवर. तिची बस डेपोत चार्ज होते आणि चाळकरी, टॉवरवाला दोघांनाही घेते. २०२३ साली विजेची डबलडेकर आली, तेव्हा अब्बा नव्हते. मी वरच्या मजल्यावर बसलो. खाली एक टॅक्सीवाला बॉनेट पुसत होता. त्याच्या गाडीपर्यंत प्लग पोचेल, तेव्हाच इंजिन जाईल.