यंत्रशरण समाज आणि दुःस्वप्नकथांचा इशारा

(व्याख्यानाचे शब्दांकन)



एक आई आणि तिचा मुलगा. दोघेही भूगर्भात राहतात. आई पृथ्वीच्या एका बाजूस, मुलगा दुसऱ्या. मधमाश्यांच्या पोळ्यातील कप्प्यासारख्या षट्कोनी खोलीत प्रत्येक जण एकटा. बटण दाबले की अन्न येते, बटण दाबले की संगीत सुरू होते. हातातील गोल तबकडी निळसर उजळते आणि तीत दूरच्या माणसाचा चेहरा उमटतो. एके दिवशी मुलगा आईला विनवितो की, यंत्रातून नको, तू प्रत्यक्ष भेटायला ये. आईला या मागणीचे नवल वाटते. चेहरा दिसतो, आवाज ऐकू येतो. मग प्रवासाचे कष्ट कशासाठी?

हे चित्र आजच्या काळातले वाटते. परंतु ई. एम. फॉर्स्टर यांची ‘द मशीन स्टॉप्स’ ही कथा प्रसिद्ध झाली १९०९ साली. तेव्हा संगणक नव्हता, दूरचित्रवाणीही नव्हती. या कथेतील माणसांना यंत्राने साखळदंडांनी बांधलेले नाही. सोयीमागून सोय स्वीकारत त्यांनी आपले हातपाय, आपले डोळे आणि अखेरीस आपली बुद्धीही यंत्राच्या स्वाधीन केली आहे. हेच फॉर्स्टर पुढे १९२१ मध्ये देवासच्या थोरल्या पातीच्या मराठा संस्थानात महाराजांचे खासगी सचिव होते. तेथे पाहिलेल्या गोकुळाष्टमीच्या उत्सवाचे त्यांनी सविस्तर वर्णन लिहून ठेवले आहे. एकान्तातील यंत्रपूजकांची कथा लिहिणाऱ्या लेखकाला गर्दी, गुलाल आणि भजनाच्या कल्लोळात रंगलेला समाजही पाहावयास मिळाला, हा योगायोग मोठा बोलका आहे.

दोन वाटा, एकच मुक्काम

विसाव्या शतकात पाश्चात्त्य साहित्यात अशा दुःस्वप्नकथांची परंपराच निर्माण झाली. १९३२ मध्ये आल्डस हक्स्ले यांची ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ आली. तिच्यात मुले बाटल्यांतून जन्माला येतात आणि ‘आई’ हा शब्द उच्चारणेही अश्लील समजले जाते. कोणी उदास झालाच, तर त्याच्यासाठी एक गोळी असते. तिला हक्स्ले यांनी वेदांतील ‘सोम’ हे नाव दिले. यज्ञात देवतांना अर्पण होणाऱ्या रसाचे नाव विस्मृतीच्या गोळीला मिळावे, यातील उपरोध भारतीय वाचकाला अधिक बोचतो.

१९४९ मध्ये जॉर्ज ऑर्वेल यांची ‘१९८४’ प्रसिद्ध झाली. तिच्यातील सामान्य सभासदाच्या घरात असा पडदा आहे, जो बंद करता येत नाही आणि जो पाहणाऱ्यालाच पाहत राहतो. जुनी वृत्तपत्रे रोज बदलली जातात. भाषेतले शब्द दरवर्षी कमी केले जातात. शब्दच उरला नाही, तर विचार तरी कसा उरेल? आणि घरातली लहान मुलगी स्वतःच्या बापाची चुगली पोलिसांकडे करते.

हक्स्ले यांच्या जगात मनुष्य सुखाने गुलाम होतो, ऑर्वेल यांच्या जगात भयाने. वाटा दोन; पण दोन्ही वाटांवर आधी मोडते ते घर. कुटुंब शाबूत असेपर्यंत मनुष्य पुरता एकाकी होत नाही आणि एकाकी झाल्यावाचून तो पुरता शरण जात नाही, हे या लेखकांनी अचूक ओळखले होते.

भूमिगतांचा काळ आणि आजचे यंत्र

ऑर्वेल यांचा जन्म बिहारमधील मोतिहारीचा, २५ जून १९०३ चा. त्याच तारखेला, १९७५ साली, रात्री या देशात आणीबाणी पुकारली गेली. वृत्तपत्रांवर पूर्वनियंत्रण लादले गेले. ४ जुलै रोजी संघावर बंदी आली. एक लाखाहून अधिक नागरिक तुरुंगात गेले. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयानेच असा निवाडा दिला की, आणीबाणीत स्थानबद्धाला सुटकेसाठी उच्च न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही. पाचांपैकी एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना विरोधात उभे राहिले.

तरीही प्रतिकार जिवंत राहिला. तो कसा? कार्यकर्ता वेश पालटून एका गावाहून दुसऱ्या गावी जात असे. सायक्लोस्टाइलवर काढलेली पत्रके हातोहात घरोघर पोहोचत. ज्याच्या घरी भूमिगत उतरे, ती गृहिणी नाव न विचारता पान वाढीत असे. सत्तेचा डोळा सर्वत्र पोहोचत नव्हता आणि माणसाला माणसाचा भरवसा होता, या दोन गोष्टींवर ते सारे कार्य उभे होते.

आता कल्पना करावी की, त्या काळी प्रत्येकाच्या खिशात त्याचा ठावठिकाणा सांगणारे यंत्र असते, प्रत्येक चौकात चेहरा ओळखणारा कॅमेरा असता आणि प्रत्येक पैशाच्या व्यवहाराची नोंद कोठेतरी होत असती. किती भूमिगत आठवडाभर तरी टिकले असते?

ही केवळ कल्पना नव्हे. चीनमधील शिनजियांग प्रांतात उइगुर मुसलमानांवर पाळत ठेवणाऱ्या संगणकीय प्रणालीचा तपशील ‘ह्यूमन राइट्स वॉच’ने २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. लोकशाही देशही अपवाद नाहीत. अमेरिकेच्या गुप्तचर यंत्रणेने दूरध्वनी आणि इंटरनेटवर ठेवलेली व्यापक पाळत एडवर्ड स्नोडेन यांनी २०१३ मध्ये उघड केली. २००९ च्या जुलैत तर ॲमेझॉनने परवान्याच्या वादावरून ग्राहकांनी विकत घेतलेले एक पुस्तक त्यांच्या किंडलमधून दुरूनच पुसून टाकले. ते पुस्तक ऑर्वेल यांचे ‘१९८४’ होते! कंपनीने पुढे क्षमा मागितली. पण पुसण्याची सोय आहे, हे जगाला कळून चुकले.

कुंपण दिवसाच घालावे

भारतात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरविला आणि त्याच निकालात १९७६ चा तो निवाडाही पुसून काढला. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. त्यात शासकीय यंत्रणांना सूट देण्याचा अधिकार सरकारकडे आहे. राष्ट्राच्या सुरक्षेसाठी तो आवश्यक असू शकतो. परंतु आज विश्वासाच्या माणसाहाती असलेले शस्त्र उद्या कोणाच्या हाती जाईल, याची हमी कोणतीही निवडणूक देत नाही. ज्यांनी आणीबाणी भोगली, त्यांच्या वारसांनी तरी सत्ता आपली की परकी, हे न पाहता एकच माप लावावे. कुंपण दिवसाच घालायचे असते. रात्री चोर आल्यावर नव्हे.

कायद्याचे कुंपण मात्र घराबाहेर. घरातला प्रश्न घरानेच सोडवायचा आहे. पुण्यातली आजी परदेशातल्या नातवाला रोज पडद्यावर पाहते, त्यात तिचे समाधान आहे. ते कोणी हिरावून घेऊ नये. पण जेव्हा एकाच ताटांच्या पंगतीला बसलेले चौघे चार पडद्यांत बुडालेले असतात, तेव्हा फॉर्स्टर यांची षट्कोनी खोली दूर राहिलेली नसते. समाजकार्याचेही तसेच. निरोप हजारोंना एका क्षणात जातो. परंतु आजारी सहकाऱ्याच्या उशाशी बसणे कोणत्याही निरोपाने साधत नाही. संघटनेच्या कार्याचा पाया प्रत्यक्ष संपर्क हाच आहे. पायऱ्या चढून दार ठोठावणारा कार्यकर्ता आणि नाव न विचारता पान वाढणारे घर, हेच त्या अंधाऱ्या काळात कामी आले होते.

फॉर्स्टर यांच्या कथेत अखेरीस यंत्र बंद पडते. दुरुस्त कसे करावे, हे कोणालाच ठाऊक नसते. कोसळत्या अंधारात ती आई आणि तो मुलगा भेटतात; यंत्रावाचून, प्रत्यक्ष. पण तेव्हा मृत्यू दाराशी येऊन उभा असतो. मुलाच्या हाकेला आईने आधीच ओ द्यावी, एवढेच ती कथा शंभराहून अधिक वर्षे सांगत आली आहे.