घरातला रेडॉन

भिलाईच्या हुडको वसाहतीत थंडीच्या रात्री आपण दारं-खिडक्या घट्ट लावून घेतो. अशा कोंडलेल्या खोलीतच रेडॉन साठू शकतो. जमिनीतल्या युरेनियमपासून बनणाऱ्या या वायूला रंग नाही, वासही नाही. फरशीच्या भेगांतून तो वर येतो. धूम्रपानाखालोखाल फुफ्फुसाच्या कर्करोगाचं हे मोठं कारण, म्हणून मोजणी हवीच. त्यासाठी मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने छोटी डबी विकसित केली आहे. बारीक छिद्रांतून वायू आत जातो आणि त्यातून निघणारे अल्फा कण आतल्या फिल्मवर खुणा उमटवतात. डबी साधारण तीन महिने टांगायची; मग प्रयोगशाळेत फिल्म कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ठेवली की त्या खुणा मोजता येतात. जागतिक आरोग्य संघटनेची संदर्भ पातळी घनमीटरला 100 बेकरेल (किरणोत्साराचं एकक) आहे. माझ्या मते तळमजल्यावरची झोपायची खोली आधी तपासावी. फरशीच्या भेगा मात्र आजच बुजवा आणि समोरासमोरच्या खिडक्या रोज उघडा.