चिरागनगर ते मॉस्को

युरोपातले नामांकित शहर पाहून आलेला माणूस म्हटला, की आपल्या डोळ्यांपुढे बॅरिस्टर नाहीतर संस्थानिक उभा राहतो. पण १९६१ साली मॉस्को पाहून आले ते घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत राहणारे अण्णाभाऊ साठे! शाळा जेमतेम दीड दिवसाची. वाटेगावाहून लहानपणी पायी मुंबईस आले, गिरणीत राबले, लालबाग-परळच्या कामगारांपुढे डफाच्या तालावर गायले. प्रवास थोड्या दिवसांचा. पण परतल्यावर त्यांनी 'माझा रशियाचा प्रवास' लिहिला. १९६९ साली ते गेले, तेही दारिद्र्यातच. पुढे २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला. पुतळा पाहायला तिकडे जावे लागेल; पुस्तक मात्र इथेच मिळते. तेवढे वाचाल ना?