श्वासाच्या कारभारातील एक विकर

श्रोतेहो, आपण हे भाषण स्वस्थ बसून ऐकत असता आपल्या देहातील पेशी दर मिनिटास सुमारे २०० मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड रक्ताच्या हवाली करीत असतात. हा वायू रक्तात जशाच्या तसा फार थोडा मावतो. त्याचा बहुतांश पाण्याशी संयोग पावून बायकार्बोनेटच्या रूपाने फुप्फुसांकडे रवाना होतो, आणि तेथे पुनश्च वायुरूप धारण करून उच्छ्वासावाटे बाहेर पडतो.

ही क्रिया आपोआपही घडते. अडचण आहे ती वेळेची. फुप्फुसातील केशवाहिनीतून जाताना तांबड्या पेशीस अवघा पाऊण सेकंद मिळतो, आणि क्रिया स्वतःच्या गतीने चालू दिली तर तिला कित्येक सेकंद लागतात. हा हिशेब जुळेना, तेव्हा रक्तात कोणी उत्प्रेरक असलाच पाहिजे या तर्काचा पाठपुरावा होऊन १९३३ साली केंब्रिज येथे मेल्ड्रम व रफ्टन यांनी तांबड्या पेशींतून कार्बॉनिक अॅनहायड्रेज हे विकर वेगळे केले. त्यात जस्त असल्याचे १९४० साली केलिन व मान यांनी दाखवून दिले.

त्या जस्ताचे कार्य मोठे मनोहर आहे. ते पाण्याचा एक रेणू धरून ठेवते, त्यातील हायड्रोजनचा आयन सुटून जातो, आणि उरलेला भाग जवळ आलेल्या कार्बन डायऑक्साइडला जाऊन भिडतो; बायकार्बोनेट सिद्ध होऊन निघून गेले की त्या जागी पाण्याचा नवा रेणू हजर होतो. विकराचा एकच रेणू असे सेकंदाला सुमारे दहा लाख वेळा करू शकतो. उलट क्रियेत पाणी सुटे होते, म्हणूनच वर्गीकरणकारांनी त्याची गणना लायेज, म्हणजे रेणूपासून एखादा भाग सुटा करणाऱ्या विकरांच्या, वर्गात केली आहे.

मला सर्वाधिक विस्मय वाटतो तो याचा, की क्रियेची दिशा हे विकर ठरवीत नाही. नाक्यावरचा कारकून आवक आणि जावक सारख्याच तत्परतेने नोंदवितो, तसे ते स्नायूंत बायकार्बोनेट घडविते आणि फुप्फुसांत तेच मोडते. दिशा ठरते ती त्या त्या स्थळी वायूचे प्रमाण किती आहे यावर.

नेत्रगोलातील द्रव निर्माण होण्यासही हेच विकर लागते. म्हणून काचबिंदूच्या रुग्णास ते रोखणारे अॅसिटाझोलामाइड देतात. हे औषध घेणाऱ्यास सोडावॉटर बेचव लागते, कारण जिभेवरही हेच विकर सोडावॉटरमधील कार्बन डायऑक्साइडचे आम्ल करीत असते.