नव्या सभासदांचें स्वागत

(धर्मग्रामाच्या विद्यार्थी-साहाय्यक मंडळावर आलेल्या नव्या सभासदांच्या स्वागतप्रसंगीं केलेलें भाषण)



धर्मग्रामाच्या महोत्सवाच्या या मंगल वर्षीं आपल्या विद्यार्थी-साहाय्यक मंडळांत नवे सभासद दाखल होत आहेत, हा योग आम्हांस फार आनंदाचा वाटतो. जुन्या सभासदांच्या वतीनें आम्ही त्यांचें मनःपूर्वक स्वागत करतों. अशा प्रसंगीं चार गोड शब्द बोलून खालीं बसावें, अशी रीत आहे. परंतु ज्यांच्या हातीं उद्यां मुलांचें शिक्षण सोंपवावयाचें, त्यांची बोळवण केवळ पुष्पगुच्छानें करणें बरें नव्हे. म्हणून या कामाचें मर्म आम्हांस जसें उमगलें आहे, तसें तें त्यांच्यापुढें ठेवण्याची परवानगी आम्ही मागतों.

मंडळावर नांव लागलें कीं समाजांत मान वाढतो, हें खरें. पण त्या मानाबरोबर येणारा भार कितीतरी मोठा आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थांचा कायदा आपल्या राज्यांत १९५० सालीं झाला. सुज्ञ मनुष्य स्वतःच्या पैशाची जशी काळजी घेतो, तशीच काळजी विश्वस्तानें संस्थेच्या पैशाची घ्यावी, असा त्याचा दंडक आहे. विश्वस्त बदलले म्हणजे तो बदल ९० दिवसांच्या आंत धर्मादाय आयुक्तांच्या कचेरींत कळवावा लागतो, आणि हिशेबांची दरसाल तपासणी करून घ्यावी लागते. हें झालें कायद्याचें कुंपण. कुंपणाच्या आंतलें पीक राखणें हें मात्र आपल्याच सदसद्विवेकबुद्धीचें काम आहे.

हा पैसा येतो कोठून, याचा विचार प्रथम करावा. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं कऱ्हाडजवळील काले या गांवीं रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह काढलें. निरनिराळ्या जातींचीं मुलें तेथें एका पंगतीस जेवत. मुलांच्या पोटापाण्याची अडचण पडली, तेव्हां त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं अंगावरचे दागिने मोडले; शेवटीं मंगळसूत्रहि दिलें. आपल्या निधींतहि असेच कष्टाचे पैसे आहेत. एखाद्या म्हातारीनें पेन्शनींतून काढून ठेवलेली नोट, भाजीच्या टोपलीवर मिळालेल्या पैशांतून बाजूला टाकलेले चार रुपये, परदेशीं नोकरीस असलेल्या मुलानें आईच्या नांवें धाडलेली देणगी, अशा थेंबांनींच हें तळें भरतें. खर्चाच्या कागदावर सही करतांना हे हात आपल्या डोळ्यांसमोर असूं द्यावेत.

मदत कशी करावी, हें शिकविणारा एक विद्यार्थीच होऊन गेला. फ्रेडरिक ओझानाम हे पॅरिस येथें कायद्याचा अभ्यास करीत असतां, तुमचा धर्म आज गरिबांसाठीं काय करतो, असा सवाल सहाध्यायांनीं त्यांस केला. त्याला वादानें उत्तर देत न बसतां २३ एप्रिल १८३३ रोजीं, आपल्या विसाव्या वाढदिवशीं, त्यांनीं मोजक्या मित्रांसह एक मंडळी सुरू केली. तीच पुढें संत विन्सेंट दि पॉल मंडळी या नांवानें जगभर पसरली. सिस्टर रोझाली रांद्यू या धर्मभगिनीनें त्या तरुणांस गरिबांच्या घरांची वाट दाखविली, आणि घरीं जाऊन भेटणें हा त्या मंडळीचा परिपाठच झाला. पोप दुसरे जॉन पॉल यांनीं १९९७ सालीं ओझानाम यांस धन्यवादित म्हणून घोषित केलें.

हा परिपाठ आपणहि सोडूं नये. अर्जावर उत्पन्नाचा आंकडा असतो. पण वडील अंथरुणाला खिळले आहेत, घरांत पुस्तक उघडून बसावयास कोपरा नाहीं, धाकट्या भावंडांस सांभाळण्यासाठीं मुलीची शाळा वारंवार बुडते, हें अर्जावर लिहिलेलें नसतें. दोघांनीं मिळून जावें, जेवणाची वेळ टाळावी, आणि चौकशीस आलेल्या अंमलदाराच्या थाटानें बसूं नये.

आतां सर्वांत अवघड गोष्ट. अर्ज दहा आले आणि निधि सहांपुरताच असला, म्हणजे सभेंत एक सूचना हमखास निघते: सर्वांना थोडें थोडें द्यावें, म्हणजे कोणी नाराज होणार नाहीं. ही सूचना दयाळू दिसते. पण तींत आपल्या अडचणीची सोडवणूक अधिक आणि मुलाच्या अडचणीची कमी असते. शुल्काचा अर्धा भाग भरून प्रवेश मिळत नाहीं, आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाचें एकच वर्ष भरून पदवी मिळत नाहीं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचें चरित्र या बाबतींत लक्षांत ठेवण्यासारखें आहे. १९१३ सालीं बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं दिलेल्या दरमहा ११.५ पौंडांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले. त्या एका शिष्यवृत्तीनें देशाचें केवढें कल्याण झालें, हें सांगावयास नको. परंतु पुढें लंडनमध्यें अभ्यास चालूं असतां शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ सालीं त्यांना तो अर्धा टाकून परतावें लागलें. स्वतःची शिल्लक, मित्राकडून उसनी घेतलेली रक्कम आणि कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींचें साहाय्य यांच्या बळावर ते १९२० सालीं पुन्हां लंडनला गेले, आणि १९२३ सालीं त्यांना डी. एस्‌सी. ही पदवी मिळाली. बडोद्याच्या दातृत्वास येथें बोल लावावयाचा नाहीं. सांगावयाचें तें इतकेंच कीं, असा निश्चय लाखांत एखाद्याचा असतो. आपल्या आळींतलें सामान्य मूल एकदां वाटेंत थांबलें, कीं कारखान्यांत अगर दुकानांत कामास लागतें, आणि मग परत वर्गांत येत नाहीं.

म्हणून नव्या सभासदांस आमचें आग्रहाचें सांगणें एकच आहे. मदत वेळेवर असावी, पुरेशी असावी आणि शेवटपर्यंत असावी. या तीन कसोट्यांस उतरतील इतक्याच मुलांचा भार घ्यावा. ज्यांचा घेतां येत नाहीं, त्यांना कारण सांगून वेळीं कळवावें. नकार देण्यास धैर्य लागतें. पण उशिरां आलेला नकार हा मुलावर दुहेरी अन्याय होय, कारण दुसरें दार ठोठावण्याची वेळहि तोंवर निघून गेलेली असते.

वेळेचें महत्त्व येथें फार आहे. शाळा जूनमध्यें उघडतात, आणि निकालानंतर महाविद्यालयांच्या प्रवेशाची घाई सुरू होते. शुल्काची शेवटची तारीख आपल्या मासिक सभेसाठीं थांबत नाहीं. यास्तव घरभेटी उन्हाळ्याच्या सुटींत उरकाव्यात आणि निर्णय शाळा उघडण्यापूर्वीं व्हावेत.

शासनाच्या सवलतींचें ज्ञानहि सभासदांस हवें. ठरावीक प्रवर्गांतील, ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचें शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनानें २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून अमलांत आणला. जें सरकारांतून मिळूं शकतें, तें मिळवून देण्यासाठीं अर्ज भरूं लागणें, दाखले गोळा करण्यास मदत करणें, ही सुद्धां शिष्यवृत्तीच आहे. तिला निधींतील एक पैहि लागत नाहीं. आपला पैसा मग खाणावळ, रेल्वेचा पास, पुस्तकें, अशा कोणत्याच योजनेंत नीट न बसणाऱ्या गरजांसाठीं मोकळा राहतो.

दोन गोष्टी मर्यादेच्या. पहिली, गुप्ततेची. मुलाला व्यासपीठावर उभें करून त्याच्या हातीं पाकीट द्यावें व छायाचित्र घ्यावें, हा मोह टाळावा. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला आपली गरिबी चारचौघांत दाखविली गेल्याचें शल्य जन्मभर राहतें. हिशेब सर्वांसमोर वाचावा, नांवें मंडळाच्या वहींतच राहावींत. दुसरी, नात्यागोत्याची. आपल्या पुतण्याचा अगर शेजाऱ्याच्या मुलीचा अर्ज निघाला, कीं त्या सभासदानें आपण होऊन उठून बाहेर जावें, आणि तशी नोंद वृत्तांतांत व्हावी. एकाच धर्मग्रामांत सर्वच एकमेकांचे कोणी ना कोणी लागतात; म्हणून हा नियम येथें दुप्पट कडकपणें पाळला पाहिजे.

ज्यांना मदत मिळाली, त्यांच्यावर परतफेडीचें ओझें लादूं नये. पण त्यांना विसरूंहि नये. परीक्षेच्या आधीं एकदां विचारपूस करावी, निकालानंतर पाठीवर हात ठेवावा. ज्याला आपली आठवण ठेवणारीं माणसें आहेत असें वाटतें, तो पुढें दुसऱ्याच्या मुलासाठीं न सांगतां पुढें येतो. अशांपैकींच कोणी उद्यां या मंडळावर बसावें, याहून मोठें फळ आम्ही इच्छीत नाहीं.

नव्या सभासदांनो, निधीचीं पुस्तकें, अर्जांची वही आणि चालूं विद्यार्थ्यांची यादी आज आम्ही आपल्या स्वाधीन करतों. त्या यादींतील प्रत्येक नांव म्हणजे अर्ध्या वाटेवर असलेलें एक मूल आहे. त्याला शेवटपर्यंत पोंचविण्याचें काम आतां आपणां सर्वांचें आहे. जेथें सल्ला लागेल, घरभेटीस जोडीदार लागेल, तेथें आम्ही हांकेसरशीं येऊं. परमेश्वर आपल्या हातांस यश देवो, आणि या धर्मग्रामांतील एकहि मूल केवळ पैशावांचून शाळेच्या दारांतून मागें न फिरो, हीच आमची प्रार्थना.