दर्या कोणाच्या बापाचो नाय



कोकणावर मराठीत ढीगभर लिहिलं गेलंय. माड, पोफळी, हापूस, संध्याकाळचा समुद्र. लिहिणारे ओटीवर बसून समुद्र बघत होते. चिखलात वाकलेली बाई त्यांना दिसली नाही. दिसली तर देखाव्यातला ठिपका म्हणून. मी आज त्या ठिपक्याबद्दल बोलणार आहे. तुम्ही दादर-परळच्या खाणावळीत तिसऱ्यांचं सुकं हाणता, बोटं चाटता. त्या शिंपल्या कुणाच्या हातानं आल्या एवढं तरी ठाऊक असावं.

मालवणात ओहोटीला सुकती म्हणतात. सुकती लागली की कर्लीच्या खाडीत, कोळंबला, वर कालावलला बाया उतरतात. होडी नाही, जाळं नाही, डिझेल नाही. टोपली, एखादं लोखंडी हत्यार आणि पाय. ज्यांच्या नावावर होडी नाही नि गुंठाभर जमीन नाही, त्यांचा हा धंदा. गाबतांच्या बाया जातात, भंडाऱ्यांच्या जातात, आमच्या वाडीतल्याही जातात. माझी आवस गेली, आत्ये गेली. पाण्यात सगळ्या एका ओळीत वाकतात. बाजारात वाटे लावायची वेळ आली की आमच्या बायांची जागा पार टोकाला. कुणी तसं बोलून दाखवत नाही. बोलायची गरजच नसते.

आता हे काम अडाण्याचं म्हणून कुणी हसेल, तर त्यानं एकदा उतरून बघावं. तिसरी वाळूत बोटभर खाली असते. श्वासाला, खायला ती दोन नळ्या वर काढते, त्यांची बारीक भोकं ओल्या वाळूवर दिसतात. पाणी असलं तर तीही दिसत नाहीत. मग टाचेनं, अंगठ्यानं चाचपायचं. दगड कुठला नि शिंपला कुठला हे तळपायाला कळावं लागतं. कालवं वेगळी. ती खडकाला चिकटून वाढतात. वरची शिंप फोडून आतलं मांस टोकानं काढायचं, खालची शिंप खडकावरच राहते. तिची कड ब्लेडसारखी. आवशीच्या पायावरचे वण मी लहानपणी मोजायचो. शिनाणे तर लाटा फुटतात त्याच खडकांवर. पाठीमागं लाट येतेय हे पाठीलाच कळावं लागतं.

आणि वेळ? तिच्याकडं घड्याळ नव्हतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. पंचमी असेल तर पावणेचार. त्यात सहा तास मिळवा, पावणेदहाला सुकती. तासाभराचा फरक इकडंतिकडं. अष्टमीला सुकती भर दुपारी, पण ती भांगाची. पाणी फार हटत नाही. खरी सुकती अवसेला नि पुनवेला, उधाणात. ती पडते पहाटे सव्वापाचच्या सुमाराला आणि मग संध्याकाळी. म्हणजे चांगला माल हवा तर काळोखात उतरायचं आणि पाणी फिरायच्या आत बाहेर यायचं. भटाचं पंचांग लग्नाच्या मुहूर्ताला; आवशीचं पंचांग आमच्या पोटाला. एकच तिथी, दोन हिशेब.

सरकारी पुस्तकात या बाईचा हिशेब कुठं बसत नाही. मासळी मोजतात ती बंदरावर होडी लागली की. टोपलीतून थेट चुलीवर गेलं ते कोण मोजणार? आणि जे मोजलं जात नाही ते बुडालं तरी भरपाई नाही.

आता मुद्द्यावर येतो. ही जागा कुणाची? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ची. तिचं कलम २० सांगतं की भरतीच्या रेषेखालचा समुद्राचा नि खाडीचा तळ राज्य सरकारचा. म्हणजे सात-बारावर कुणाचंच नाव नाही. आवस साध्या भाषेत म्हणायची, "दर्या काय कोणाच्या बापाचो नाय." पण दोस्तांनो, चवदार तळंही कुणाच्या बापाचं नव्हतं. १९२३ला बोले ठराव झाला. तरी १९२७ला बाबासाहेबांना महाडला जावंच लागलं, आणि हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. जागा सार्वजनिक असणं वेगळं, तिथं आपला पाय पोचणं वेगळं. तळ्याला काठ असतो, काठावर पहारा बसवता येतो. समुद्राला काठ नाही असं आपण समजत होतो.

आता काठ तयार होतोय. १९९७ला सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा झाला. आमच्या वाडीची खडकाकडं जाणारी पायवाट एका रिसॉर्टच्या गडग्यात गेली. आता बाया वळसा घालून जातात आणि वळशात अर्धी सुकती जाते.

दुसरं अभयारण्य. १९७२ साल आपल्याला वेगळ्या कारणानं ठाऊक आहे. वन्यजीव कायदाही त्याच सालचा. त्या कायद्याखाली १९८७ला मालवणचं सागरी अभयारण्य जाहीर झालं, २९ चौरस किलोमीटरचं. किल्ला, पद्मगड नि भोवतालचा तीनेक चौरस किलोमीटरचा गाभा. प्रवाळ वाचलं पाहिजे, याबद्दल माझं भांडण नाही. पण टोपली घेऊन चालणारी बाई आणि ट्रॉलर यांना एकाच मापानं मोजायचं हे कुठलं शास्त्र?

तिसरी गोष्ट सगळ्यात वाईट. वाळू. कर्ली नि कालावलच्या खाडीतून वाळू उपसली जाते. मुंबईचे टॉवर वाळूवरच उभे राहतात. पूर्वी माणूस बुडी मारून बादलीनं काढायचा, मग पंप नि ड्रेजर आले. तिसरी वाळूच्या वरच्या थरात राहते हे मी सांगितलं. पंप वाळू ओढतो तेव्हा तिला बाजूला ठेवत नाही. तळ खोल झाला की सुकतीलाही तिथं कमरेवर पाणी राहतं. पाय टेकत नाही. ज्या धंद्याचं भांडवलच पाय, तो तिथं संपला.

२०११च्या किनारा नियमन अधिसूचनेत एक ओळ होती. आराखड्याच्या नकाशावर मासेमारीची क्षेत्रं नि माशांच्या विणीच्या जागा दाखवायच्या. तिसऱ्यांच्या जागा त्यात धरल्या का, हे विचारायचं काम आपलं. वाळूचे गट जिल्हाधिकारी कचेरीत ठरतात. त्यांचा नकाशा मागा. मग वाडीत जा, बायांना तो दाखवा, कुठं काय मिळतं ते त्यांच्याकडून खुणा करून घ्या. दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवले की बोलायला वेगळं भाषण लागणार नाही. येत्या अवसेला मी जातोय. ज्यांना यायचंय त्यांनी नावं द्या. पहाटे सव्वापाचला पाण्यात असायला लागेल, बूट घालून कुणी येऊ नका.