लायटरमध्ये गॅस भरताना
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



मृग लागला की आपल्या तळेऱ्यात काडेपेटी भरवशाची राहत नाही. गूल सर्दावतो, दहा काड्या ओढाव्या तेव्हा न्हाणीची चूल पेटते. म्हणून पुष्कळ घरांत ज्योतीचा लायटर आला आहे. नुसती ठिणगी पाडणारा शेगडीचा लायटर निराळा. त्यात गॅस नसतोच. ज्याच्या बुडाशी लहानशी झडप असते, त्याच्याविषयी मी बोलते आहे. झडप नसली तर तो संपल्यावर टाकायचा. भोक पाडून भरण्याची हुशारी कोणी करू नये.

यातला गॅस म्हणजे ब्यूटेन. उणे अर्ध्या अंशाला तो उकळतो. दाबाखाली मात्र द्रव होऊन राहतो. बाहेर सुटला की हवेच्या दुप्पट जड असल्याने पाण्यासारखा जमिनीलगत पसरतो, उंबऱ्याशी साचतो. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम उग्र वास लावलेला असतो; याला तो बहुधा नसतो. तेव्हा नाकावर विसंबू नये. देवघरात समई तेवत असताना शेजारच्या खोलीत लायटर भरणे म्हणजे आग बोलावणे. भरायचा तो खळ्यात, पाऊस असल्यास मोकळ्या पडवीत. आणि विडी ओढणाऱ्यांना तेवढा वेळ दूर बसवून. हेच काम सर्वांत कठीण, हे मला ठाऊक आहे!

लायटर थंड असावा. ज्योतीची कळ अगदी कमीवर आणावी. लायटर उलटा धरून झडप बारीक पेचकसाने दाबावी, म्हणजे आतली हवा फुस्स करून निघून जाते. ही हवा राहिली तर गॅस आत शिरत नाही, आणि आपण म्हणतो दुकानदाराने फसवले. मग गॅसची डबी उलटी करून तिची नळी झडपेवर सरळ बसवावी व चार-पाच सेकंद दाबावी. कडेने थेंब उडू लागले की थांबावे. लगेच पेटवून पाहण्याचा मोह अनावर होतो. पण पाच मिनिटे जाऊ द्यावीत, हात पुसावेत, जागा बदलावी, मग पेटवावा.

ठिणगी पडते पण ज्योत नाही, तर कळ थोडी वाढवावी किंवा हवा पुन्हा काढावी. गॅस सुटतो पण ठिणगी नाही, तर तोंडाशी कचरा असेल किंवा गारगोटी झिजली असेल. कळ सोडल्यावरही फुसफुस चालूच राहिली, तर झडप गेली. तो लायटर घरात नको.

घरच्या सिलिंडरमधून लायटर भरण्याची युक्ती कोणी सांगितली तर ऐकू नका. त्या गॅसात प्रोपेनही असते आणि त्याचा दाब ब्यूटेनच्या कितीतरी पट. लायटरचे कवच तेवढ्यासाठी केलेले नसते.

डबी मुलांच्या हाती लागू नये. ती उन्हात किंवा चुलीवरच्या फळीवर ठेवू नये. रिकामी वाटली तरी कचऱ्याबरोबर जाळू नये. अंगण झाडून पातेरा पेटवणाऱ्या बाईलाही हे सांगून ठेवा.